मुस्तफाची फाईल कुणाची?

प्रश्न इचलकरंजीहून आला आहे. थोडक्यात सांगतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते बाकीच्यांनाही कळेल. विचारणाऱ्याच्या वडिलांचं १९९५ च्या सुमारास व्हिडिओ गेमचं दुकान होतं. माळ्यावर अजून एक बोर्ड (गेमच्या चिपा असलेला सर्किट बोर्ड) पडून आहे, 'मुस्तफा'चा. त्यांनी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि जुना मॉनिटर घेऊन घरीच कॅबिनेट बनवलं, त्यात मेम हे एम्युलेटर सॉफ्टवेअर (जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणारं) टाकलं, मित्राकडून गेमची फाईल घेतली. आता नवीन मेममध्ये 'डीएल-१४२५ सापडत नाही' असं येतं. ती फाईल कुठे मिळेल, बोर्ड घरात असल्यावर डाउनलोड करणं कायदेशीर आहे ना, चुलतभावांच्या ग्रुपवर गेमच्या फायलींचा सगळा संच टाकला तर चालेल का, आणि हेच कॅबिनेट स्वतःच्या स्नॅक्स सेंटरमध्ये दहा रुपयांना एक डाव असं ठेवलं तर?

मी वकील नाही. सत्तावीस वर्षं आर्केडचे बोर्ड दुरुस्त करतोय. कायद्याचं जे सांगतो ते कलमं स्वतः वाचून आणि एका वकील मित्राशी भांडून समजून घेतलेलं आहे. दुकानात ठेवण्याआधी तुम्ही स्वतःचा वकील गाठाच.

आधी एरर, कारण त्यातच बाकीचं अर्धं उत्तर आहे.

आपण ज्याला 'मुस्तफा' म्हणतो तो कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मुस्तफा हे त्यातल्या चौघांपैकी एकाचं नाव, मुस्तफा कैरो. पळत येऊन लाथ मारणारा तो टोपीवाला आपल्याकडे इतका लाडका झाला की गेमचं खरं नाव कुणी घेतलंच नाही. हा गेम कॅपकॉमच्या सीपीएस-१ जातीच्या बोर्डवर चालतो, पण त्यातल्या उशिराच्या प्रकारावर. त्यात आवाजासाठी क्यू-साउंड नावाची वेगळी व्यवस्था आहे. मुख्य काम मोटोरोला ६८००० करतो, आवाजाकडे झेड-८० बघतो, आणि प्रत्यक्ष आवाज मिसळायला एक डीएसपी, म्हणजे ध्वनीवर काम करणारी चिप आहे. त्या डीएसपीच्या पोटातच तिचा छोटा प्रोग्रॅम आहे, बाहेरून वाचता न येणारा. त्यामुळे कित्येक वर्षं मेममध्ये त्या चिपचं वागणं अंदाजाने लिहिलेलं होतं. पुढे तो आतला प्रोग्रॅम वाचून काढण्यात यश आलं आणि २०१८ पासून मेम तो मागायला लागलं. तीच ही डीएल-१४२५. तुमची जुनी झिप तेव्हा पुरी होती, आता अपुरी आहे. फाईल बिघडलेली नाही, मेमची मापं बदलली.

इथे एक गोष्ट नीट बघा. मेममध्ये गेम नसतो. इटलीच्या निकोला साल्मोरियाने ५ फेब्रुवारी १९९७ ला त्याची पहिली आवृत्ती काढली, तेव्हापासून हेच आहे. मेम म्हणजे बोर्डवरच्या चिपा कशा वागतात याचं कोडमध्ये केलेलं वर्णन. झेड-८० ला अमुक आकडा दिला तर तो काय करील, कुठली पत्त्याची ओळ कुठल्या चिपकडे जाते, पडदा सेकंदाला किती वेळा रंगवायचा, हे सगळं त्यात आहे. गेमपुरती त्यात फक्त यादी आहे: अमुक नावाची फाईल, इतके बाइट, हा सीआरसी, हा शा-१ (फाईल तीच आहे ना हे पडताळायचे आकडे). सोनाराकडे दागिन्याचं वजन आणि कस लिहिलेली वही असावी, तशी. दागिना तुमचा तुम्ही आणायचा.

दागिना म्हणजे रॉम. बोर्डवरच्या चिपांत जे भरलेलं असतं त्याची बाइटन्‌बाइट नक्कल. चिप सॉकेटमधून काढायची, रीडरला लावायची, वाचायची. पॅक-मॅनचा अख्खा प्रोग्रॅम चार चिपांत मिळून १६ किलोबाइट, चित्रांचे आणखी ८. तुमच्या मोबाईलने काढलेल्या एका फोटोत शंभरेक पॅक-मॅन मावतील. फाईल एवढी चिमुकली असते म्हणूनच लोकांना ती कुणाच्या मालकीची असेल असं वाटत नाही. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, संगणक प्रोग्रॅम हा 'साहित्यकृती'त मोडतो. कादंबरीला जे संरक्षण, तेच या १६ किलोबाइटला.

आता एम्युलेटर. तो बेकायदा नाही. अमेरिकेत हे कोर्टात घासून निघालं आहे. १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अकोलेड खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याच्या यंत्राशी जुळवून घेण्यापुरता त्याचा कोड उलगडून बघणं योग्य वापरात बसतं. २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स. कनेक्टिक्सने मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा प्रोग्रॅम विकायला काढला होता, त्यासाठी सोनीचा बायॉस (यंत्रातला मूळ प्रोग्रॅम) अभ्यासताना त्याच्या प्रती केल्या होत्या. कोर्टाने बाजू कनेक्टिक्सची घेतली. (पुढे सोनीने तो प्रोग्रॅमच विकत घेऊन बंद केला. 'ब्लीम' नावाचा दुसरा असाच प्रोग्रॅम कोर्टात टिकला, पण वकिलांच्या बिलांत कंपनी बुडाली. जिंकूनही हरण्याचा हा प्रकार लक्षात ठेवा.) आपल्याकडे कलम ५२ मध्येच सोय आहे: दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती काढण्यापुरती कृती, आणि प्रोग्रॅम कसा चालतो याचं निरीक्षण व अभ्यास, हे उल्लंघन धरलेलं नाही. अट एवढीच की तुमच्याकडची प्रत कायदेशीर हवी. मेम स्वतः २०१६ पासून पूर्ण खुल्या परवान्याखाली आहे. त्याआधी ते विकायला किंवा धंद्यात वापरायला बंदी होती, आणि बाजारात मिळणारे कितीतरी तयार डबे ती बंदी सर्रास मोडायचे.

तेव्हा मेम ठेवा. कुणी हटकलं तर निर्धास्त सांगा.

रॉमचं तसं नाही. इथे बहुतेक जण जिथे घसरतात ती जागा म्हणजे 'बोर्ड माझ्याकडे आहे, म्हणजे फाईल माझी.' कलम ५२(१) मधली दोन उपकलमं तुमच्या कामाची आहेत. 'एए' म्हणतं की प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ताब्यात असणारा माणूस नुकसान, नाश यांपासून बचाव म्हणून बॅकअप करू शकतो, तोही मूळ कामासाठी वापरण्यापुरता. 'एडी' म्हणतं की स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून, धंद्यासाठी नसलेल्या वैयक्तिक वापराकरता प्रत करता येते. दोन्हींत एक बारीक शब्द आहे: त्या प्रतीवरून. तुमच्या माळ्यावरच्या चिपा तुम्ही रीडरला लावून वाचल्यात तर ती प्रत त्या प्रतीवरून झाली. इंटरनेटवरून उतरवलेली झिप दुसऱ्या कुणाच्या बोर्डवरून, त्याने वाटल्यामुळे तुमच्यापर्यंत आली. बाइट सारखे असले तरी कायदा विचारतो, आली कुठून. माझ्या वकील मित्राचं उदाहरण मला आवडतं: तुमच्या घरी पुस्तक आहे म्हणून झेरॉक्सवाल्याने छापलेली चोरटी आवृत्ती विकत घेणं माफ होत नाही.

आणि आता वाईट बातमी. तुमचा माळ्यावरचा बोर्ड अस्सल आहे का?

मी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मुस्तफाचे जेवढे बोर्ड हातात घेतले, त्यांतले बहुतेक नकली निघाले. तेव्हा दुकानदाराला हे ठाऊकही नसायचं. मुंबईहून माल आला, चालला, पैसे दिले, संपलं. अस्सल कॅपकॉमचा हा बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात बंद असतो, आत एकावर एक पाट रचलेले. नकली उघडाच, मोठा, त्यावर काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम चिपांची रांग. पण खरी ओळख कानाने होते. नकली बनवणाऱ्यांना क्यू-साउंड जमला नाही. त्यांनी तो भाग उडवून एक साधा पीआयसी कंट्रोलर आणि ओकी कंपनीची आवाजाची चिप बसवली. म्हणून संगीत तुटक, मारामारीचा आवाज पत्र्यावर आपटल्यासारखा. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कानात लहानपणचा मुस्तफा असाच बसला आहे. मी पहिल्यांदा अस्सल बोर्ड सुरू केला तेव्हा दुसराच गेम ऐकतोय असं वाटलं होतं. मेममध्ये या नकली बोर्डांचीही वेगळी नोंद आहे, अस्सलची क्लोन म्हणून.

कायद्याने बघायचं तर नकली बोर्डातली प्रत हीच मुळात उल्लंघन करणारी. वडिलांनी रोख पैसे मोजले असतील, पावतीही असेल, तरी 'कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत' हे म्हणणं त्यावर उभं राहत नाही. तिच्यावरून केलेला बॅकअपही त्याच रांगेत.

गंमत म्हणा की दैव, टिकले मात्र नकलीच जास्त. अस्सल बोर्डवर कॅपकॉमने एक पेच घातला होता. आवाजाच्या झेड-८० चा प्रोग्रॅम सांकेतिक केलेला, तो उलगडण्याची किल्ली चिपच्या आतल्या मेमरीत, आणि ती मेमरी जिवंत ठेवायला एक छोटी बॅटरी. चित्रांच्या बाजूलाही तशीच एक. बॅटरी संपली की किल्ली गेली. बोर्ड मुका होतो, पडद्यावर कचरा येतो. धंद्यात याला सुसाइड बॅटरी म्हणतात. पुढच्या सीपीएस-२ मध्ये तर मुख्य प्रोग्रॅमच असा कुलुपात होता. त्याची सांकेतिक पद्धत २००७ मध्ये आंद्रेआस नाइव्ह आणि साल्मोरिया यांनी पुरती उकलली. नक्कल करणाऱ्यांनी बॅटरीच गाळली, म्हणून त्यांचे बोर्ड तीस वर्षांनीही भिंतीला टेकवून ठेवलेत तिथे चालतात.

ही उकल करणारे लोक नसते तर हे गेम आज कुणाकडेच नसते, कॅपकॉमकडेही पुरते नसते असं मला वाटतं. म्हणून जपणूक करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण आदर आहे म्हणून वाटप कायदेशीर होत नाही, आणि आपल्याकडे या दोन गोष्टी एकत्र कालवून बोलायची सवय झाली आहे.

तर ग्रुपवर संच टाकण्याचं. नको. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्याच्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून कमी करू शकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं आहे. चुलतभावांच्या ग्रुपवर उद्या पोलीस येतील असं मी म्हणत नाही, घाबरवायचं नाही. पण 'घरच्या घरी आहे' ही सूट कायद्यात वाटपाला नाही. टॉरंटबद्दल विशेष सांगतो, कारण हा गैरसमज शिकलेल्यांतही आहे: 'मी फक्त उतरवतो, वाटत नाही.' टॉरंट उतरवता उतरवताच तुकडे पुढे देत असतो. तुमचं यंत्र त्या वेळी वाटपच करत असतं.

मोठी उदाहरणं परदेशातली आहेत. निन्टेंडोने २०१८ मध्ये रॉम वाटणाऱ्या दोन संकेतस्थळांच्या चालकांवर दावा लावला आणि १ कोटी २० लाख डॉलरहून जास्त रकमेचा निकाल मिळवला. त्याच वर्षी अठरा वर्षं चाललेल्या एमूपॅरडाइज या संकेतस्थळाने आपणहून सगळे रॉम काढून टाकले. २०२४ मध्ये युझू या एम्युलेटरचा निन्टेंडोशी वाद २४ लाख डॉलरवर मिटला, पण तिथे मुद्दा तेव्हा बाजारात असलेल्या यंत्राच्या किल्ल्या तोडण्याचा होता, जुन्या आर्केडशी त्याची सरळ तुलना करू नका.

चोवीस तासांत पुसलं तर चालतं, ही निव्वळ थाप आहे. कुठल्याही कायद्यात असा तास नाही.

'कंपनीच बंद पडली' हे जास्त फसवं. एसएनकेचंच बघा, मेटल स्लग आणि किंग ऑफ फायटर्सवाली. २००१ मध्ये तिचं दिवाळं निघालं. त्या वेळी कितीतरी जण म्हणाले, आता सगळं मोकळं. प्रत्यक्षात हक्क प्लेमोरकडे गेले, २०१६ मध्ये कंपनीने जुनं नाव परत घेतलं, आणि २०२२ पासून तिचे जवळजवळ सगळे शेअर सौदी अरेबियातल्या मिस्क प्रतिष्ठानाच्या कंपनीकडे आहेत. घर पडलं तरी सातबारा राहतो. मुदतही संपायची नाही: अमेरिकेत कंपनीने करून घेतलेल्या कामाला प्रसिद्धीपासून ९५ वर्षं, म्हणजे १९८० चा पॅक-मॅन २०७५ अखेरपर्यंत. आपल्याकडे साहित्यकृतीला लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं. आपल्यापैकी कुणी ती वाट बघायला नको.

मुस्तफाची अडचण त्याहून अवघड आहे. तो मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवर बेतलेला. म्हणजे गेमचे हक्क कॅपकॉमचे, पण पात्रं आणि जग दुसऱ्याचं, मुदतीच्या करारावर घेतलेलं. हा गेम घरच्या कुठल्याच यंत्रावर कधी निघाला नाही. कॅपकॉमने २०२१ मध्ये आर्केड स्टेडियम हा जुन्या गेमचा संग्रह काढला, त्यात फायनल फाइट आहे, मुस्तफा नाही. पैसे हातात घेऊन उभं राहिलं तरी तो कुणी विकत नाही. इथे माझं प्रामाणिक मत असं की कायदा लोकांवर अन्याय करतो. विकायचाही नाही आणि मिळवूही द्यायचा नाही, यात लेखकाचं भलं होत नाही. पण मत आणि कलम वेगळं. तुम्ही मला कलम विचारलंत.

आता स्नॅक्स सेंटर. वर जे काही थोडं धूसर होतं ते इथे स्वच्छ होतं, तुमच्या विरुद्ध. 'एडी' उपकलमाची सूट वैयक्तिक, बिगरधंद्याच्या वापरापुरती आहे. दहा रुपये घेतलेत की ती गेली. शिवाय कलम १४ प्रमाणे संगणक प्रोग्रॅमची प्रत विकणं किंवा व्यापारी भाड्याने देणं हा हक्क मालकाचा. भाड्याच्या वस्तूत प्रोग्रॅम गौण असेल तर सूट आहे, वॉशिंग मशीनमधल्या प्रोग्रॅमसारखी. आर्केड कॅबिनेट वाढदिवसाला भाड्याने दिलं तर माणूस गेमसाठीच पैसे देतो, लाकडासाठी नाही. आणि उल्लंघन करणारी प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरणं, याला वेगळं कलम ६३बी आहे: सात दिवस ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर कैद माफ होऊन ५० हजारांपर्यंत दंडावर भागू शकतं. तुम्ही दहा रुपयांची पाटी लावलीत की ती पळवाटही बंद.

'दहा हजार गेम' असं लिहिलेलं कार्ड घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, मॉलमध्ये ठेवायला. कार्ड उघडून बघितलं तर एकाच गेमच्या जपानी, अमेरिकी, युरोपी, नकली अशा सात-आठ आवृत्त्या मोजून आकडा फुगवलेला, आणि एम्युलेटरही अशा परवान्याचा की ज्यात धंदा चालत नाही. २०१९ मध्ये कॅपकॉमच्या अधिकृत घरगुती यंत्रात फायनल बर्न अल्फा हा एम्युलेटर वापरला गेला, तेव्हा त्याच्या परवान्यावरून केवढं रण झालं. बिगरधंद्याच्या अटीवर अनेकांनी लिहिलेला कोड एका माणसाच्या सहीने दिला, म्हणून बाकीचे बाहेर पडले आणि फायनल बर्न निओ वेगळा काढला. गेमचे हक्क स्वच्छ होते, एम्युलेटरचे नव्हते. म्हणजे असंही होतं.

दुकानात पैसे घेऊन खेळवायचंच असेल तर अस्सल बोर्ड शोधा. महाग पडेल, पण तो त्याच कामासाठी बनलेला आहे. व्हिडिओ गेम ठेवण्याची स्थानिक परवानगी लागते का ते नगरपालिकेत आणि पोलीस ठाण्यात आधी विचारा. घरी खेळायला हॅम्स्टर कंपनीचे आर्केड आर्काइव्हज आहेत, निओ जिओचे (एसएनकेच्या यंत्राचे) जवळजवळ सगळे नावाजलेले गेम त्यात मिळतात. आणि मेमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर हक्कधारकांनी मोकळे केलेले थोडे रॉम आहेत: रॉबी रोटो, ग्रिडली, एक्सिडीचे काही, पूर्व जर्मनीतला पॉली-प्ले. बिगरधंद्याच्या वापराला. मुस्तफाची सर कशालाच नाही हे मान्य, पण कॅबिनेटची बटणं-दांडी नीट लागली का हे तपासायला उत्तम, आणि रॉबी रोटो तसा वाईट नाही.

तुमच्या डीएल-१४२५ चा पत्ता मी देणार नाही, ते आता कळलं असेल.

त्याऐवजी आज हे करा. बोर्डला वीज लावू नका. डबा बंद आणि अस्सल दिसला तर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आत बॅटरी दिसली तर तिच्याभोवती हिरवट-पांढरा थर आलाय का बघा. आला असेल तर तो रस पट्ट्या खातोय, ते काम आधी. बॅटरी स्वतः काढू नका: किल्ली अजून जिवंत असेल तर त्या क्षणी मरेल. बिनडब्याचा, खिडक्यांच्या चिपांचा नकली बोर्ड निघाला तर खिडक्यांवरचे स्टिकर शाबूत आहेत का तेवढं बघा. निघाले असतील तर काळी चिकटपट्टी लावा. उघड्या उन्हात अशी चिप आठवड्याभरात पुसते, ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षांत. माळ्यावर खिडकी असेल तर काही बाइट आधीच गेले असतील. फोटो पाठवा, म्हणजे वडिलांना काय विकलं होतं ते सांगतो.